पिठाच्या गोणीचे शर्ट

समोरून कुणी छापील टी-शर्ट घालून आलं, की काका त्याच्या छातीवरचं नाव दोन बोटांनी धूळ झटकावी तसं झटकायचे आणि म्हणायचे, "आंगावर कोनाचा नाव नको रे." मग ते मोबाईल कंपनीचं असो, नाहीतर निवडणुकीतल्या उमेदवाराचं.

जासईत त्यांचं घर आमच्या घराला लागूनच. गाव त्यांना ब्राझील काका म्हणायचं. तरुणपणी ते मालवाहू जहाजावर खलाशी होते. एकदा जहाजाचं इंजिन बिघडलं आणि ब्राझीलमधल्या एका लहानशा बंदराच्या शहरात कित्येक महिने अडकून पडावं लागलं. परदेशातून लोक घड्याळं आणतात, अत्तरं आणतात. काकांनी तिथल्या एका फुटबॉल क्लबचा इतिहास आणला.

तो क्लब तुम्ही टीव्हीवर पाहिला नसेल. त्याच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारणाऱ्या म्हाताऱ्याने काकांना तो इतिहास सांगितला होता, निम्मा खुणांनीच. गावी परतल्यावर काकांनी त्याच जोरावर पोरांची टीम काढली. गावामागे बंद पडलेल्या मिठागराची सपाट जमीन होती, तिथे खेळ चाले. माझा भाऊ गोलकीपर. मी बांधावर पुस्तक घेऊन बसायचे, पण कान काकांकडे असायचे.

"गोदीतले हमाल होते सगले," काका सांगायचे. "शर्टाला पैसा कुठला? पिठाच्या गोनी फाडून बायकांनी शर्ट शिवले. पन छातीवर गिरनीचा नाव! बायका बोलल्या, आमची पोरा काय गिरनीची हायेत? राखेच्या पान्यात शिजवले शर्ट. नाव जाईपर्यंत शिजवले."

तेव्हापासून त्या क्लबचा शर्ट कोरा. पुढे कितीतरी वर्षांनी मासळी डबाबंद करणाऱ्या कारखान्याच्या मालकाने फुकट शर्ट दिले, स्वतःच्या नावाचे. क्लबने घेतले आणि त्याच मोसमात कप जिंकला. गोष्ट इथवर आली की आमची पोरं शिट्ट्या मारायची. मग गोलच्या मागे कारखान्याची रिकामी खोकी येऊन पडली. मग कॉर्नरवर. "आनि मंग भिंत आली," असं म्हणून काका उठायचे. पण पोरांना कपापर्यंतचीच गोष्ट आवडायची. भिंत येईपर्यंत निम्मी पाणी प्यायला गेलेली असत.

आमची टीमही कोऱ्या पांढऱ्या शर्टांत खेळायची. उरणकडची पोरं ओरडायची, "आले बघा कंपाउंडर!" भावाला ते फार लागायचं.

मैदानाशेजारी कंटेनर यार्ड झालं. एक दिवस तिथला सुपरवायझर मोठं खोकं घेऊन मैदानावर आला. आत निळ्या झगझगीत जर्सी, छातीवर यार्डचं नाव. काकांनी एक उचलली, उलटसुलट पाहिली आणि खोक्यात परत ठेवली.

"नको."

"अरे काका, फुकट देतोय. टेन्शन कशाला घेता?"

"फुकट हाय म्हनूनच नको."

"काका, तुमचा ब्राझील तुमच्यापाशी ठेवा," माझा भाऊ म्हणाला. "आमी काय जनमभर कंपाउंडर बनून फिरू?"

सगळे हसले. काकाही थोडे हसले. मग पोरांनी तिथल्या तिथे शर्ट बदलले. कोरे शर्ट बांधावर पडले होते, ते काकांनी गोळा करून खांद्यावर टाकले आणि घरी नेले.

त्या मोसमात आमची टीम स्पर्धा जिंकली. खोटं कशाला सांगू, मीही टाळ्या वाजवल्या.

पावसाळ्याच्या तोंडावर सुपरवायझर पुन्हा आला. दोन ट्रेलर फक्त पावसापुरते मैदानाच्या कडेला लावू का, म्हणाला. ज्यांची जर्सी अंगावर, त्यांना नाही कसं म्हणणार? पाऊस संपला, ट्रेलर राहिले. मग आणखी आले. चिखलात खडी पडली, गोलचे खांब निघाले, पत्र्याचं कुंपण आलं. ती जमीन नेमकी कुणाची, हे गावात कुणालाच धड सांगता येईना.

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. काकांनी मला विचारलं, "पोरी, कॉलेजात यावर काय शिकवतान?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "काका, भिंत आल्यावर त्या क्लबचं पुढे काय झालं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तो राग होता की काय, मला अजून ठरवता येत नाही.

"खिडकी उघड नि बघ," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी तो इतिहास कुणालाच सांगितला नाही. छापील शर्टवाला दिसला तरी हात वर जायचा नाही. कुंपणाबाहेर प्लास्टिकची खुर्ची टाकून पत्र्याकडे तोंड करून बसायचे. येणारे-जाणारे म्हणायचे, "काका, मॅच चालू हाय का?" आधी गंमत म्हणून, मग नुसती सवय म्हणून.

थंडीत काका गेले. टीमच्या पोरांनी ठरवलं की खांदा आपणच द्यायचा, टीमच्याच कपड्यांत. मनापासूनच ठरवलं होतं. पण टीमचे कपडे म्हणजे त्या निळ्या जर्सी. गल्लीतून काका निघाले तेव्हा चारी बाजूंनी यार्डचं नाव चाललं होतं. रस्त्याच्या वळणावर माझ्या भावाची नजर पुढच्याच्या पाठीवर गेली. तिथेही तेच नाव. त्यानंतर त्याने मान वर केली नाही.

घरी आल्यावर तो अंघोळीआधी मागच्या अंगणात गेला. चूल पेटवली, आईचं मोठं पातेलं चढवलं, चुलीतलीच राख पाण्यात टाकली आणि जर्सी आत बुडवली. आई ओरडायला निघाली होती, मी तिचा हात धरला. तो काठीने ढवळत राहिला. पाणी उकळलं, निळं झालं, काळपट झालं. त्याने जर्सी बाहेर काढून दगडावर घासली, पुन्हा पातेल्यात टाकली, पुन्हा घासली.

शेवटी दोरीवर टाकली तेव्हा तिचा रंग पार उडाला होता, कापड जवळजवळ पांढरं झालं होतं. त्यावर नाव आधीपेक्षा ठळक दिसत होतं.