दगशच्या पेटीतले वेलदोडे

अरबस्तानातल्या हाइल शहरातल्या त्या गल्लीत दगशच्या खलबत्त्याचा आवाज कुणाला ठाऊक नव्हता असं नाही. संध्याकाळ झाली की हा गडी बैठकीत चुलीपाशी मांडी घालायचा, कॉफी भाजायचा आणि पितळी खलात असे घाव घालायचा की साऱ्या गल्लीला आवतण पोचावं. वेलदोडे कुटायची वेळ आली की आवाज दुप्पट व्हायचा, कारण तेव्हा खल रिकामा असायचा. कॉफीत पडायची ती कालच्या उकळीतून गाळलेली, गच्चीवर वाळवलेली टरफलं. खरे वेलदोडे लाकडी पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली कमरेला. मोठ्या पाहुण्यासाठी ठेवलेत म्हणे! त्याची बायको शुमा त्या किल्लीकडे पाहायची तेव्हा तिला नवऱ्याची किळस यायची.

आणि एकदाचा मोठा पाहुणा आला. उंटांचा बडा व्यापारी मुकरिन. त्याच्या धाकट्या मुलाला दगशच्या लेकीनं, नौफनं, खिडकीच्या फटीतून एकदा पाहिलं होतं आणि तेव्हापासून तिच्या हातून भाकरी करपत होती. मुकरिन त्या मुलासाठी तिला मागणी घालणार, अशी बायकांत कुजबुज होती.

"अहो, आज तरी पेटी उघडा," शुमा म्हणाली. "पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे."

"तुला काय कळतं? आधी मागू दे, मग उघडतो. नुसताच पिऊन गेला तर?"

"पिण्याजोगी तरी करा!"

दगशनं उत्तरादाखल बत्ता उचलला आणि रिकामा खल बडवायला घेतला. मेल्याला जराही लाज वाटली नाही.

बैठक भरली. मायलेकी पडद्याआड उभ्या राहिल्या. मुकरिननं पेला नाकापाशी नेला, थबकला आणि भरलाच्या भरला खाली ठेवला. सगळ्यांच्या नजरा पेल्याकडे वळल्या. पाहुण्यानं भरला पेला खाली ठेवला की त्याला काही मागायचं असतं, आणि यजमानानं शब्द दिल्याशिवाय तो पीत नाही. नौफनं आईचा दंड घट्ट धरला.

दगशची छाती फुगली. "प्या, मुकरिनभाऊ, प्या! मागाल ते दिलं! ही सगळी मंडळी साक्षीला आहेत!"

"अहो, मला काही मागायचं नव्हतं," मुकरिन गडबडून म्हणाला.

"लाजता काय? दगशचा शब्द आहे. मागा!"

मुकरिन पेल्याकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "शब्द दिलाच आहे, तर यात थोडे वेलदोडे घाला."

कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळी बैठकच हसायला लागली. दगशचं तोंड पाहण्यासारखं झालं. पण शब्द चारचौघांत दिलेला! त्यानं पेटी पुढे ओढली, गंजक्या कुलपाशी बराच वेळ झटला आणि झाकण उघडलं. आत भुसा होता, आणि भुशात किडे वळवळत होते. जपून जपून सगळे वेलदोडे पोखरले गेले होते.

मुकरिननं पेटीत एकदा डोकावून पाहिलं, सलाम केला आणि चपला पायांत सरकवल्या. मुलाचं नावसुद्धा काढलं नाही.

"आई, त्यांनी काय मागितलं गं?" नौफनं विचारलं. "हसण्यात काही ऐकू आलं नाही."

"वेलदोडे," शुमा म्हणाली. "तेवढेही तुझ्या बापाला देता आले नाहीत."