हिराजीमामांचं झाड

तीन आठवड्यांपूर्वी मंदाचा फोन आला. "म्याडम, आबा गेलं," एवढंच म्हणाली. मंदा ही हिराजीमामांची थोरली मुलगी, आणि हिराजीमामा म्हणजे आमच्या मेडिकल कॉलेजातल्या शरीररचना विभागाचे अटेंडंट. दिवाळीनंतर मी त्यांना भेटायला बेलापूरजवळच्या त्यांच्या गावी गेले होते. ओटीवर खुर्ची टाकून बसले होते, हात पार काटकुळे झालेले. तब्येतीची चौकशी मी करायची, तर त्यांनीच मला विचारलं, "बाय, झाड बरं हाय ना?" मी म्हटलं, "आहे मामा, जसंच्या तसं आहे." त्यांनी समाधानानं मान हलवली. हे झाड कुणाच्या अंगणातलं नाही. आमच्या विभागाच्या संग्रहालयात, काचेच्या पेटीत, एका लाकडी फळीवर ते उभं आहे, आणि ते माणसाच्या यकृताच्या आत वाढलेलं आहे.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. कॉलेज नवं, भिंतींचा गिलावा ओला, संग्रहालयाची कपाटं रिकामी. मी नुकतीच लेक्चरर झालेले. पुस्तकातली प्रत्येक आकृती तोंडपाठ होती, त्यामुळे माझं नाक कायम वर असायचं. मामांचं शिक्षण चौथीपर्यंत. त्यांचा जन्म मिठागरात गेलेला. सत्तरच्या दशकात नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, मिठागर गेलं, आणि गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभा राहणारा हा माणूस मृतदेह टिकवणाऱ्या फॉर्मलिनच्या वासात येऊन पडला. पहिल्याच आठवड्यात आमचं वाजलं. विच्छेदनासाठी आलेल्या देहाला ते नावानं हाक मारायचे. "मामा, इथे नंबर असतो. नाव रजिस्टरमध्ये राहतं, बाहेर काढायचं नाही," मी नियम सांगितला. ते म्हणाले, "नंबर गारीला असतो बाय, मानसाला नाव." मी डोळे वटारले तेव्हा "बरं" म्हणाले. ते बरं म्हणजे होकार असं मी धरून चालले, हा माझा भाबडेपणा.

यकृताचा साचा करायचं माझं फार दिवसांचं स्वप्न होतं. ताज्या यकृतातल्या नळ्यांमध्ये रंगीत पातळ प्लास्टिक भरायचं, ते घट्ट झालं की सगळं यकृत ॲसिडमध्ये ठेवायचं. मांस विरघळून जातं आणि नळ्यांचा आकार तेवढा मागे राहतो. पण त्यासाठी यकृत काही तासांच्या आतलं हवं, आणि संधी एकदाच. प्लास्टिक बघता बघता घट्ट होतं, चुकलं की सगळं मातीमोल. अशी संधी आम्हाला वाशीच्या सुभद्राबाईंनी दिली. त्या प्राथमिक शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. देहदानाचा अर्ज भरायला स्वतः आल्या होत्या आणि मला बजावून गेल्या होत्या, "शिकवायला उपयोग झाला पाहिजे हं. वाया घालवू नका." एका सकाळी त्या वारल्या, दुपारी त्यांचं यकृत आमच्यासमोर ट्रेमध्ये होतं.

मी धमनीत नळी बसवली, आतड्यांकडून रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेत बसवली, पित्तनळीत बसवली. पुस्तकाप्रमाणे तीन तोंडं, तीन नळ्या. लाल, निळा, हिरवा रंग तयार. मामा मात्र यकृताच्या उजव्या भागावर तळहात ठेवून हलके दाबत बसले होते. "बाय, थांब. आजून येक तोंड हाय." मी वाकून पाहिलं. पित्ताशयाच्या शेजारी टाचणीच्या टोकाएवढा पिवळा थेंब आला होता. "कापताना लागलं असेल, पुसा ते," मी म्हणाले. त्यांनी पुसला. परत दाबलं, परत तिथेच थेंब. "मिठागरात आमी असंच बगायचो. बांधावर पाय दाबायचा न् कुटशी वलं होतं बगायचं. चुकून फुटलेलं पानी कुटं पन जातं बाय... यो परत परत येकाच वाटंनं येतंय, ती वाट त्याची हाय." प्लास्टिक कालवायची वेळ होत आलेली, माझा जीव टांगणीला. पुस्तक सांगत होतं तीन, मामा सांगत होते चार. शेवटी चिडूनच मी एक बारीक नळी त्यांच्या हातात दिली. माझ्या पदवीधर बोटांना ते भोक सापडलं नसतं. त्यांनी एका दमात नळी बसवली.

चारही नळ्यांतून रंग भरला, चौथीतही हिरवाच. मग ॲसिड. पुढे कित्येक दिवस मामा पिचकारीतून पाण्याची बारीक धार सोडत उरलंसुरलं मांस धुऊन काढत होते. आणि एका सकाळी त्यांनी मला खिडकीपाशी बोलावलं. उन्हात ते झाड उभं होतं. तीन बुंधे, त्यांच्या फांद्या, फांद्यांच्या काड्या, काड्यांचे केसाएवढे तंतू. जिथे निळी काडी तिथे तिच्या अंगाला लागून लाल, आणि त्या दोघींना धरून हिरवी. शेवटच्या तंतूपर्यंत एकीनं दुसरीची साथ सोडलेली नाही. निळ्यालालमधून रक्त आत जातं आणि हिरव्यामधून पित्त उलट बाहेर येतं. हे मी शंभर वेळा शिकवलं होतं, पण पाहिलं त्या दिवशी. मामा म्हणाले, "येकाच बांधावरून जानारा येगला, येनारा येगला. पन कुनाचा कुनाला धक्का लागत नाय." आणि उजवीकडे, मामांच्या चौथ्या नळीतून भरलेली एक संपूर्ण हिरवी फांदी होती, बुंध्याला न मिळता स्वतंत्र खाली आलेली. मामा नसते तर तिथे हिरव्याचा पत्ताच नसता आणि त्या रिकाम्या जागेचा दोष मी प्लास्टिकला दिला असता. पित्ताशय काढताना सर्जनच्या हातून नकळत कापली जाते ती हीच वाट. माझा एक विद्यार्थी आज सर्जन आहे. तो सांगतो, कात्री लावण्याआधी मामांचं झाड डोळ्यांसमोर येतं आणि हात आपोआप थांबतो.

आता जे लिहायला इतकी वर्षं लागली ते लिहिते. झाडाखाली चिठ्ठी लावली तिच्यावर मी फक्त माझं नाव टाईप केलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पाठ थोपटली, "चौथी वाट तुम्ही शोधलीत, कमाल आहे." मी "थँक यू सर" म्हणाले. मामा दारात चहाचा ट्रे घेऊन उभे होते. त्यांनी चहा दिला आणि निघून गेले. त्यावर ना ते कधी बोलले, ना मी. चिठ्ठी बदलू, बदलू म्हणत राहिले... मामा रिटायर झाले, मीही झाले, चिठ्ठी तीच.

निवृत्त होईपर्यंत मामांची एक सवय होती. रोज सकाळी काच पुसायची, पेटीबाहेर आलेल्या फळीच्या कडेवर दोन बोटांनी टकटक करायची आणि ओठातल्या ओठात काही पुटपुटायचं. कुलदेवतेचं नाव घेत असतील असं मी समजायचे. गेल्या आठवड्यात मी परवानगी काढून विभागात गेले, पर्समध्ये नवी चिठ्ठी घेऊन. हिराजीमामांचं नाव मोठ्या अक्षरांत. जुनी चिठ्ठी निघेना, म्हणून नव्या अटेंडंटच्या मदतीनं काच बाजूला काढली आणि फळी उचलून कलती धरली. खालच्या बाजूला, उरलेल्या निळ्या प्लास्टिकनं लिहिलेली, चौथी पास माणसाची वेडीवाकडी अक्षरं होती. मला वाटलं, स्वतःचं नाव लिहून ठेवलंय मामांनी. वाटून बरंही वाटलं. चष्मा लावून वाचलं.

'सुभद्राबाय मास्तरीन.'

तेवढंच होतं. त्यांचं नाव कुठेच नव्हतं. मी इतकी वर्षं माझ्या आणि त्यांच्या नावाचा हिशोब मनात घोळवत बसले, आणि ज्या बाईचं ते झाड होतं तिची आठवण त्या दोन नावांच्या नादात मला एकदाही झाली नाही... फळी होती तशी ठेवली. नवी चिठ्ठी लावली. खालची अक्षरं नियमात बसत नाहीत, ती मी कुणाला सांगितली नव्हती, आज सांगते आहे. निघताना काच पुसली, कडेवर दोन बोटांनी टकटक केली. काय पुटपुटायचं ते आता मला ठाऊक होतं.