शेवटच्या रोवण्याचा चिखल

माझ्या पायातली चप्पल वाटेत निघून पडली, हे मला शेजारणीनं सांगितलं. मी दुकानातून तेल-साबण घेऊन घरी आले, ओसरीत टेकले, आणि ही मागून माझी चप्पल हातात धरून आली. “बाई, एक पाय उघडा टाकून चालून राहिल्या तुमी, पत्ता नाही का?” पत्ता खरंच नव्हता. भर दुपारचा तापलेला डांबरी रस्ता, आणि माझ्या तळव्याला त्याचं काहीच नाही. पण कबूल कोण करतं! “लागत होती म्हणून सोडली,” असं म्हणून मी तिलाच झापलं.

साखरेची बिमारी मला जडून बरीच वर्षं झाली. आधी तिनं चहातला गोडवा नेला, मग ताटातला भात अर्धा केला, आणि मी गाफील असताना पायांची जाण घेऊन गेली. पाय दिसतात, चालतात, पण कुणी फडक्यात गुंडाळून ठेवल्यासारखे वाटतात. अंथरुणावर पडलं की मात्र मेल्यांना मुंग्यांची आठवण होते.

खरी अद्दल घडली न्हाणीत. उभ्यानंच तोंडाला साबण लावला, डोळे मिटले, आणि बादलीसकट आडवी झाले. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब. भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी मग समजावून सांगितलं. तुमचे पाय आता जमिनीची खबर देत नाहीत, ते काम डोळे करतात. डोळे मिटले की तोल गेलाच म्हणून समजा. तेव्हा उभ्यानं डोळे मिटायचे नाहीत, आणि अनवाणी एक पाऊलसुद्धा टाकायचं नाही.

अनवाणी नाही! धानाच्या गावातल्या बाईला हे सांगणं म्हणजे काय, हे त्या बाईंना कुठून कळणार? धानाच्या वाफ्यात, चिखल केलेल्या बांधीत, कमरेत वाकायचं, हातातली धानाची रोपं, आमचे पऱ्हे, खोचत उलटं मागं सरकायचं, आणि मागं वळून बघायचं नाही. मागं काय आहे ते पायच सांगतात. रांगेत मी कायम कडेला, धुऱ्याच्या म्हणजे बांधाच्या बाजूनं असायची, कारण माझी ओळ बघून बाकीच्या बाया आपली ओळ धरायच्या. हो, मला त्याचा गर्व होता, अजून आहे.

आमच्याकडे शेवटची बांधी रोवून झाली की चिखलाचा खेळ होतो, दिसेल त्याला माखायचं. मालक, मालकीण, धुऱ्यावरून जाणारा पाहुणा, कुणाची सुटका नाही. आणि रागवायचंही नाही. गेल्या वर्षी मी घरी होते. संध्याकाळी सगळ्या बाया डोक्यापासून पायापर्यंत माखून, खिदळत अंगणात आल्या, आणि मी ओसरीत कोरड्या ठणठणीत लुगड्यात बसलेली. आमच्या ह्यांच्यासुद्धा कानात चिखल होता! जीव असा चरफडला, की त्या रात्री मी कुणाशी बोलले नाही. पुढच्या वर्षी धुऱ्यावर उभी राहीन तर खरी, असं मनाशी पक्कं केलं.

मग सुरू झाली माझी कसरत. ओटा धरून एका पायावर उभं राहायचं. टाचेला अंगठा लावत सरळ रेघेवर चालायचं. रेघ धाकट्या जावेनं अंगणात छुईच्या पांढऱ्या मातीनं ओढून दिली आणि स्वतः पायरीवर बसून माझी मजा बघायची. “बाई, तिकीट लावू का? गाव येते पाहाले.” “तू आधी भाकरी पाहाय, जळून राहिली,” मी म्हणायची. पण मी डगमगले की सगळ्यात आधी तीच उठायची. काठीचा मात्र मला भारी राग. मुलानं आणलेली चकचकीत काठी मी धान्याच्या कोठीमागं टाकली होती. शेवटी ह्यांनी बांबूची एक तासून दिली, ती चालली. आपल्या बांबूशी कसलं वैर?

हे रोज संध्याकाळी चष्मा लावून माझे तळवे तपासतात. इतकी वर्षं मी ह्यांच्या पाया पडत आले, आता हे माझे पाय मांडीवर घेऊन बसतात. पहिल्यांदा मी लाजेनं मेले. एकदा बाभळीचा काटा निघाला, कधी घुसला कुणास ठाऊक. ह्यांचा चेहरा उतरला. “तुले काहीच समजलं नाही वं?” म्हणाले. त्या दिवसापासून मी पाय ओढून घेत नाही. खरं सांगते, दिवसभरात तेवढी वेळ मला फार बरी वाटते.

या वर्षी शेवटच्या रोवण्याला मी निघालेच. ह्यांनी गमबूट झटकून, आत हात घालून पाहिले आणि मग मला दिले. धुरा म्हणजे अंगणातली रेघच, फक्त दोन्ही बाजूंना पाणी. नजर खाली, काठी पुढे, टाचेला अंगठा. हे मागं वळून वळून बघत होते. “पुढं पाहा जी, तुमीच पडसान,” मी ओरडले. पोचले एकदाची. धुऱ्याच्या रुंद कोपऱ्यावर काठी रोवून उभी राहिले. घाम फुटला होता, पण काय आनंद झाला म्हणून सांगू!

शेवटचे पऱ्हे लागले आणि चिखल उडायला लागला. ह्यांना बायांनी घेरलं. ट्रॅक्टरवाल्याला ओढून आणलं. मी वाट बघत राहिले. माझ्याजवळ आली की प्रत्येक बाई हात मागं घ्यायची, हसून बाजूला व्हायची. माझं लुगडं कोरडंच.

“मले काहून नाही लावत?” माझा आवाज एकदम चढला. “मेली का मी?”

जाऊ बांधीतून वर आली. “बाई, तोंडाले लागला तं डोळे मिटतीन तुमचे.”

“मिटू दे.”

तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. एका हातानं माझं कोपर घट्ट धरलं आणि दुसऱ्या हातानं गार चिखलाचा लपका माझ्या कपाळापासून हनुवटीपर्यंत ओढला. डोळे मिटलेच. अंधार. पाय कुठे आहेत, धुरा कुठे आहे, काही समजेना. काठी गच्च आवळली.

“अवं, पडली का मी?” मी विचारलं.

“नाही बाई,” जाऊ म्हणाली, “उभ्याच आहा.”

“मंग दुसऱ्या गालालेबी लाव,” मी म्हटलं.