डिसेंबरच्या आठवड्याला मागणी

झ्वेलाखे झोंडी यांचं सगळं आयुष्य लोकांच्या गेटाबाहेर गेलं. पीटरमॅरिट्झबर्गच्या नगरपालिकेत चौतीस वर्षं ते घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचत होते. शहरातली निम्मी कुत्री त्यांना नावानिशी ठाऊक होती आणि त्यातल्या दोघांच्या दातांची खूण त्यांच्या डाव्या पोटरीवर अजून आहे. आठवडाभर असं गेटाशी उभं राहणं कमी पडे म्हणून की काय, शनिवारीही ते गेटाशीच उभे असत. मात्र तेव्हा अंगात कोट असे, डोक्यावर हॅट, हातात काठी. शनिवारी ते लग्नाची बोलणी करायला जात.

भावकीत कुणाच्या मुलानं मुलगी पसंत केली, की देज, म्हणजे मुलीकडच्यांना द्यायचं मोल, ठरवायला झोंडी मामांना बोलावणं यायचंच. गाई किती, रोख किती, आजीला घोंगडी कुठली, हे सगळं त्यांच्या जिभेवर. बावीस लग्नं त्यांनी जुळवली. त्यातलं एक पुढे मोडलं, पण ते दारूपायी, बोलण्यांमुळे नव्हे, हे ते न विचारताच सांगत. त्यांचे नियम ठरलेले होते. मुलीकडच्यांनी कितीही ताटकळत ठेवलं तरी गेटाबाहेरून हलायचं नाही. कुळाची सगळी बिरुदं उच्चारल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही. आणि उत्तर कधीही त्याच दिवशी द्यायचं नाही.

तर अशा माणसाकडे त्यांचा भाचा वांदिले म्चुनू एका ऑक्टोबराच्या शेवटी तोंड पाडून आला. त्याच्या बायकोला, नोक्वांदाला, एका सुट्टी क्लबाचा फोन आला होता. हजारोंतून तुमची निवड झाली आहे, नवरा-बायको दोघांनी या, तासभर ऐका, भेटवस्तू घेऊन जा. फुकट ते पौष्टिक म्हणून दोघं गेले. तिथे त्यांना मार्गेटच्या किनाऱ्यावरच्या घरांची चित्रं दाखवली. एकदा सभासद झालं की दरवर्षी एक आठवडा समुद्रावर, जन्मभर. सवलत मात्र आजच्या आज. वांदिलेला घाम फुटला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "मामांना विचारल्याशिवाय मी सही करत नाही." सुटका होईल असं त्याला वाटलं होतं. पण तिथला पोरगा म्हणाला, मग मामांना घेऊन या, सवलत शनिवारपर्यंत धरून ठेवतो.

"तुझ्या बायकोला हवंय का?" मामांनी विचारलं.

"फार हवंय. म्हणते, लेकरांना समुद्र दाखवायचाय."

लेकरं दोन. सहा वर्षांची लेथू आणि तीन वर्षांचा आनेले. त्यांना समुद्र दिसला असता तर आनंदच होता, पण नोक्वांदाचं खरं कारण तिला आणि सासूच्या अंगणातल्या तीन पायांच्या काळ्या हंड्यांनाच ठाऊक होतं. ती सरकारी दवाखान्यात नर्स. वर्षभर हातापाया पडून डिसेंबरात दोन आठवड्यांची रजा मिळवायची, आणि ती अख्खी रजा म्सिंगाला सासरी तीस माणसांचा स्वयंपाक करण्यात घालवायची. सात वर्षं हेच चाललं होतं. नवऱ्याशी बोलावं तर तो आईचा शब्द मोडणारा नव्हता, आणि सासूशी बोलावं तर सून मुलाला तोडायला निघाली अशी बोंब. म्हणून तिला ही सही हवी होती. पैसे भरलेत, वाया जातील, आता जावंच लागेल, असं म्हणता आलं असतं.

शनिवारी मामा कोट-हॅट घालून निघाले. क्लबाचं ऑफिस एका मॉलमध्ये, काचेच्या दाराचं. वांदिले आणि नोक्वांदा आत शिरले, मामा मात्र दाराबाहेरच थांबले. यजमानांच्या कुळाची बिरुदं घेतल्याशिवाय आत जायचं कसं? आणि क्लबाला कसलं आलंय कूळ? मामांनी खिशातून क्लबाचं माहितीपत्रक काढलं, चष्मा लावला आणि खड्या आवाजात सुरू झाले. "हे निळ्या पाण्याच्या! हे दोन पोहण्याच्या तलावांच्या! हे फुकट पार्किंगच्या! आम्ही आलो आहोत, आम्हाला आत घ्या." मॉलमधले लोक ट्रॉल्या थांबवून बघायला लागले. नोक्वांदाला धरणी दुभंगावी असं झालं.

पण टाय घातलेला विक्रेता पोरगा धावत बाहेर आला आणि दोन्ही हात जोडून मामांना आत घेऊन गेला. सगळ्या डर्बनी इंग्रजीखाली तोही मामांच्याच समाजातला होता. मामांनी बसल्या बसल्या पहिला प्रश्न केला, "तू कोणाचा?"

"सेंझो म्खिझे, बाबा."

"खाबाझेला," मामा म्हणाले. पोरानं मान खाली घातली. कुळाचं नाव घेऊन वडीलधारा माणूस बोलायला लागला की त्याच्याशी खोटं बोलता येत नाही, हे त्याच्या आईनं त्याला बोबडं बोलत होता तेव्हाच शिकवलं होतं. क्लबानं त्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण दिलं होतं. त्यात यावर उतारा नव्हता.

मामांनी चहाला हात लावला नाही. घर, बाग, समुद्र सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "बाकीचे आठवडे या घरात कोण राहतं?"

"दुसरे सभासद, बाबा. वर्षाचे बावन्न आठवडे असतात ना."

"म्हणजे मुलगी एक आणि जावई बावन्न."

नोक्वांदानं हसू लपवायला पर्समध्ये डोकं घातलं. मामा गंभीरच. सही झाल्यावरही दरवर्षी देखभालीची वर्गणी आहे का? आहे. ती वाढते का? वाढते. नाही पटलं तर मुलगी माघारी घ्याल का? सेंझो टायशी चाळा करत म्हणाला, तशी सोय नाही. आणि आम्ही मेल्यावर? मुलांकडे जातं. वर्गणीसकट? वर्गणीसकट.

"देज कधी फिटत नाही म्हणतात," मामा म्हणाले, "पण ते निदान लेथूच्या मानगुटीवर बसत नाही."

शेजारच्या टेबलावरून सेंझोचा साहेब कान देऊन होता. पोरगं बिचारं दोन्हीकडून कात्रीत सापडलं होतं. मामांचं लक्ष मात्र नोक्वांदाच्या बोटाकडे होतं. मीटर वाचणाऱ्याची नजर ती, आकडा कुठे थांबलाय ते बरोबर हेरणारी. माहितीपत्रकातल्या एकाच चित्रावर ते बोट मघापासून होतं. तलावाच्या काठी ख्रिसमसचं झाड, आणि खुर्चीवर पाय पसरून बसलेली एक बाई.

"खाबाझेला," मामा हळू आवाजात म्हणाले, "डिसेंबरातला आठवडा मिळेल का?"

सेंझोनं साहेबाकडे पाहिलं, मग मामांच्या हॅटकडे पाहिलं. "नाही, बाबा. या योजनेत मे नाहीतर ऑगस्ट. डिसेंबरला दुप्पट भरावं लागतं, आणि तरी वर्षभर आधी नंबर लावूनही मिळेलच असं नाही."

नोक्वांदानं पत्रक मिटलं आणि टेबलावर ठेवलं. मामांनी उठून सांगितलं, उत्तर आज देत नसतात. भेटवस्तूचं खोकं वांदिलेनं उचललं. बाहेर येऊन उघडलं तर आत पाच भांड्यांचा चकचकीत स्टीलचा संच. नोक्वांदा त्या भांड्यांकडे बघत राहिली, मग हसायला लागली, आणि हसता हसता रडायलाच लागली.

गाडीत बसल्यावर मामांनी तिला सरळ विचारलं, तुला नक्की काय हवं होतं?

"मला समुद्राचं वेड नाही, मामा. मला एक असा ख्रिसमस हवा होता, की दिवसभरात कुणी 'सूनबाई, पाणी' म्हणणार नाही. मला बसायचं होतं. नुसतं बसायचं होतं."

वांदिले म्हणाला, मला हे कधी दिसलंच नाही. ती म्हणाली, कसं दिसणार, तू तेव्हा झाडाखाली मटण भाजत असतोस. मामांनी उगाच हॅट नीट केली, कारण त्याच झाडाखाली ते शेजारच्या खुर्चीवर असत.

तेवढ्यात सेंझो गाडीपाशी पळत आला. इकडे तिकडे बघून त्यानं एक चिठ्ठी काचेतून आत सरकवली. तो कुजबुजला, ज्या सभासदांना आपला आठवडा वापरायचा नसतो ते तो स्वस्तात भाड्यानं देतात. क्लबाचा यात काही संबंध नाही, आणि मी तुम्हाला काही सांगितलेलं नाही. नंबर एका म्हातारीचा होता. ख्रिसमसचाच आठवडा. ती मुलीकडे परदेशी जाणार होती.

"म्हणजे आठवडा आहे," मामा म्हणाले. "तो मागायला आपण चुकीच्या गेटाशी आलो, एवढंच."

पुढच्या शनिवारी ते एकटेच म्सिंगाला गेले, स्टीलच्या भांड्यांचं खोकं काखेत मारून. मावझोंडी, म्हणजे वांदिलेची आई आणि मामांची सख्खी थोरली बहीण, अंगण झाडत होती. भावाला गेटाशी थांबलेलं पाहून ती म्हणाली, "आता वीज प्रीपेड कार्डावर आलीये. मीटर बघायची गरज नाही. आत ये."

मामा हलले नाहीत. त्यांनी हॅट काढली आणि तिच्या सासरचं कूळ घेऊन हाक दिली. "माचिंग्वाने! फाकादे! आम्ही मागणं घेऊन आलो आहोत, आम्हाला आत घ्या!"

बहिणीनं झाडू खाली ठेवला. भावाकडे नीट पाहिलं. तिलाही रीत ठाऊक होतीच. ती घरात गेली, दार लावून घेतलं आणि दीड तास बाहेर आली नाही. नोव्हेंबरचं, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्याचं ऊन. मामांनी बावीस गेटांवर ऊन खाल्लं होतं, पण स्वतःच्या बहिणीचं ऊन फारच कडक लागतं, असं ते नंतर सांगत.

शेवटी आत घेतलं, चटईवर बसवलं. बोलणी सुरू करताना रीतीनं द्यायचा, तिचं तोंड उघडायचा मान म्हणून त्यांनी भांड्यांचा संच पुढे केला. तिनं एक भांडं उचललं, बोटानं वाजवलं. "काय मागायला आलात?" तिनं रीतीप्रमाणे विचारलं.

"तुमच्या घरात एक सून आहे," मामा म्हणाले. "तिचा एक आठवडा मागायला आलोय. ख्रिसमसचा. नवरा आणि लेकरं बरोबर."

मावझोंडीनं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू सतरा वर्षांचा होतास. अकरा गाई ठरल्या होत्या. त्यातल्या प्रत्येक गाईचा रंग तुला अजून पाठ आहे. त्याला एक्केचाळीस डिसेंबर झाले. माझ्यासाठी कधी गेटाशी उभा राहिलास का रे?"

असा प्रश्न मामांना बावीस लग्नांत कुणी विचारला नव्हता. आपण जन्मभर मुलीसाठी काय द्यायचं तेच बोलत राहिलो, मुलीला काय हवं ते एकदाही विचारलं नाही, या विचारानं त्यांना मनापासून लाज वाटली. ते हॅट मांडीवर घेऊन खाली बघत बसले आणि म्हणाले, "नाही राहिलो, ताई. चुकलंच."

ती उठली आणि तिनं त्यांना ज्वारीची बिअर आणून दिली. बोलणी जमली याची ती खूण. उत्तर त्याच दिवशी द्यायचं नाही हा नियम भावाचा होता, बहिणीचा नव्हता.

"आठवडा दिला," ती म्हणाली. "अटी दोन. औषधाला समुद्राचं पाणी आणायचं, पाच लिटर. काठावरचं गढूळ नको, लाट फुटते तिथलं. आणि सुनेची जागा रिकामी ठेवायची नाही. जो मागायला आला, त्यानंच ती भरायची."

तर त्या ख्रिसमसला मार्गेटच्या एका गॅलरीत नोक्वांदा खुर्चीवर पाय पसरून बसली होती, वांदिले दोन लेकरांमागे वाळूत पळून दमला होता, आणि म्सिंगाच्या अंगणात झ्वेलाखे झोंडी बाह्या सरसावून काळ्या हंड्या राखेनं घासत होते. मक्याच्या पिठाचा फुथू तळाला किती चिकटतो हे त्यांना अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. झाडाखालून पुतणे-भाचे ओरडून सूचना देत होते, आणि ते सगळे तिसऱ्या दिवशी पाणी भरायला लागले, कारण मामा हातातली घासणी घेऊन सरळ त्यांच्या डोक्याशी येऊन उभे राहत. मावझोंडी झाडाखाली मामांच्याच खुर्चीवर बसली होती. अधूनमधून ती म्हणे, "सूनबाई, पाणी," आणि मामा तांब्या भरून नेत. ती पाणी पिई, आणि भावाला जरा वेळ शेजारी बसवून घेई.

वाटेनं जाणाऱ्या बाया कुंपणाशी थांबून बघत होत्या. एवढा मानाचा, हॅटवाला माणूस, आणि कोपरापर्यंत काजळी. पहिल्या दिवशी त्या हसल्या. दुसऱ्या दिवशी थोड्या कमी हसल्या. नाताळ उलटल्यावर दोन दिवसांनी शेजारच्या वस्तीतली एक तरुण सून पाण्याचा कॅन डोक्यावर घेऊन कुंपणाशी आली आणि आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणाली, "मामा, पुढच्या वर्षी आमच्या गेटाशी याल का?"

मामांनी हंडी पालथी घातली, पाण्यानं सुरकुतलेले हात पँटला पुसले आणि विचारलं, "तुझ्या सासरचं कूळ कोणतं?"