पोळ्यातला पह्यला मान

कोन्या तोंडानं सांगू बाप्पा तुमाले! चहा घ्या आदी, गरम हाये तोवर. तुमाले हसू येईन, मालूम हाये. मले मात्र अजूनबी वाईट वाटते.

आमचं गाव आदिलाबादकडं, तामसीच्या अंगाले. पोळ्याले साऱ्या गावाच्या जोड्या तोरनाखाली जमत, आन पह्यली जोडी आमच्या घरची. आमी गावचे पाटील, हा मान पंजोबापासूनचा. निजाम होता तवा होता, निजाम गेला तवाबी राह्यला. त्या साली बाबाचे गुडघे धरले होते, म्हनून त्यायनं कासरा माह्या हातात देला. "यंदापासून तू," म्हनले. बस, एवढंच. पन माही छाती अशी फुगली का सदऱ्याच्या गुंड्या तुटाले आल्या.

आन दिवस कोनते? हैदराबाद राज्याचे नुकतेच वाटे झाले होते. मराठवाडा तिकडं गेला, आमी आंध्रात राह्यलो. बाजारात जो तो नवीनच सांगे. कोनी म्हने मराठी शाळा बंद होते. कोनी म्हने जुने मान, इनामं, सारं सरकारजमा होते, आन जो लपवीन त्याले आत टाकतेत. बाकीच्यायनं ऐकलं आन सोडून देलं. मी पडलो आदिलाबादले शिकलेला शहाना. मी मनावर घेतलं.

पोळ्याच्या दिवशी मी जोडी घेऊन पुढं उभा, तं धुरळा उडवत जीप आली. नवा तहसीलदार, तेलगू मानूस. उतरला आन सरळ मलेच विचारलं, "पहली जोडी का मान किसके घर का है?"

मी समजलो, मान जमा कराले आला. म्हनलं, "किसी का नहीं, साब."

"हम तो सुने, पटेल के घर का है."

घ्या! याले तं घरासकट मालूम.

"वो पुराना था साब. छोड दिया. अब सब बराबर."

एवढ्यावर थांबावं का नाई मानसानं? पन नाई. खरं करून दाखवाले मी माही जोडी मांगं ओढली आन शेजारच्या गनपतले पुढं लोटलं. त्याचे बैल बिचारे साऱ्यायच्या मांगं उभे राहनारे.

"काऊन माही फजिती करून राह्यले, पाटील?"

"चाल म्हनतो ना. आज तुहा मान."

"आन पुढच्या साली?"

"पुढंबी तुहाच. कायमचा." हे मी साऱ्या गावापुढं, तहसीलदाराकडं पाहून पाहून बोललो.

गनपतची जोडी तोरनाखालून गेली. बाबा मारोतीच्या पारावर बसले होते. त्यायनं माह्याकडं पाह्यलं, मंग खाली पाह्यलं. शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं.

मंग चहा घेता घेता मी सायबाजवळ सरकलो. "साब, रिपोर्ट में हमारा नाम मत लिखना."

"कैसा रिपोर्ट?" सायेब हसला. "हमारे गाँव में एरुवाका, मतलब हमारा पोला, उस दिन पहली जोडी हमारे घर की निकलती. छुट्टी नहीं मिली, तीन-चार साल से गया नहीं. सोचा, वैसेच एक घर की जोडी देखके आऊँ." मंग माह्या पाठीवर हात ठेवून म्हने, "लेकिन आप तो दे दिये. हमसे नहीं होता, भाई."



गनपतच्या घरी चार खेपा मारल्या. तो म्हने, "गावापुढं देलेलं वापस कसं घेता, पाटील?" त्याची बायको तं जोडीसाठी नव्या झुली शिवाले बसली होती.

पुढच्या पोळ्याले आमचे बैल आपल्या मनानं पुढं गेले आन तोरनाखाली उभे राह्यले. ओढलं, चुचकारलं, हलेच नाई. गनपत मांगून म्हने, "पाटील, बैल मांगं घ्या ना जी."

तं पारावरून बाबा बोलले. सालभरात माह्याबद्दल पह्यल्यांदाच बोलले.

"बैल नाई हटत, गनपत. ते भेत नाईत कोनाले. तू माह्या पोराले सांग, तहसीलदार आला म्हनून. तो हटते."

सारा पोळा हसला. मीबी हसलो, आन मान खाली घालून मांगं गेलो. बैल तसेच पुढं उभे.