खुंटीवरची चावी

"माझं नाव लिहू नका म्हनलं ना मी."

"पेन्सिलनं लिहून राह्यलो व. खोडता येते."

"मंग खोडा."

"खोडतो. आधी बस तं खरी."

"बसाले नाही आली काकाजी. शिट्टी वापस द्याले आली." सुचितानं गळ्यातली शिट्टी दोरीसकट काढली आणि टेबलावर, बरोब्बर त्या रजिस्टरवर ठेवली. हिंमतरावांनी ती दोन बोटांनी बाजूला सारली, जणू शाई ओली होती.

"मंगळवारपर्यंत बारा नावं पाहिजेत. बारा नावं, बारा फोटो. नाही दिली तं सरकारची आगीची गाडी दुसऱ्या गावाले जाते. नवी गाडी, सुचिता. पंप तिच्यातच बसवलेला."

"तुमच्याजवळ किती जमले?"

"तीन."

"त्यात एक तुमी."

"हाव."

"तुमी एकोणसत्तरचे. दुसरा गोकुळ. पानठेल्यावर गिऱ्हाईक असलं तं तो आगीलेही म्हनन, थांब जरा, चुना लावून येतो. तिसरा कोन?"

"हरिओम."

"तो खामगावात कंपनीत. सकाळी सातच्या बसनं जाते, अंधार पडल्यावर येते. आग काय त्याची ड्युटी पाहून लागन?"

ते वाक्य हिंमतरावांचंच होतं. चार वर्षांपूर्वी, याच शेडमध्ये, याच सुचिताला त्यांनी ते ऐकवलं होतं. आग भरदुपारी लागते आणि भरदुपारी गावात माणूस नसतो. असतात त्या बाया. तेव्हा बाया आण, असं तेच म्हणाले होते.

सावरखेडात हिंमतरावांना लोक 'फायरवाले हिंमतराव' म्हणतात. खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये एकतीस वर्षं ते फिटर होते. तिथला रंगराव मिस्त्री त्यांचा उस्ताद. रंगरावानं त्यांना यंत्र शिकवलं, आणि यंत्राच्या आधी आग शिकवली. "कापसाची आग लाजरी असते," तो म्हणायचा. "वरून पानी टाकलं की आत जाऊन बसते. तू घरी जाऊन जेवतो, झोपतो, अन् ती दुसऱ्या दिवशी डोकं वर काढते. म्हनून गंजी फोडाची. फोडून फोडून भिजवाची." पाण्यात कपडे धुवायची पावडर टाकली की पाणी कापसात मुरतं, हेही त्याचंच. आणि तिसरी गोष्ट: पंपघराची चावी खुंटीवर. साहेबाच्या खिशात नाही, मिस्त्रीच्याही खिशात नाही. "खिशातली चावी मानसासंगं फिरते बे. आग तं एका जागी असते."

जिनिंग बंद पडली तेव्हा हिंमतराव गावी परतले. येताना त्यांनी दोन वस्तू आणल्या, जिनिंगचा भोंगा आणि एक सात लिव्हरचं कुलूप. पुढच्याच उन्हाळ्यात गावात कुटाराच्या, जनावरांच्या वैरणीच्या, सात गंजी जळाल्या. खामगावहून बंब आला तेव्हा राख थंड झाली होती. बंबवाल्यांनी चहा घेतला आणि परत गेले. त्या चहाच्या कपबशा विसळता विसळता हिंमतरावांनी गावचं स्वतःचं पथक काढायचं ठरवलं म्हणतात. भोंगा ग्रामपंचायतीच्या गच्चीवर चढला. एका आडत्यानं जुना टँकर दिला, त्यावर हिंमतरावांनी शेतातला पंप बसवला, रस्त्याकडेला पत्र्याची शेड उभी राहिली. शटरला सात लिव्हरचं कुलूप, कारण पहिल्याच महिन्यात कोणीतरी पितळी नोझल पळवलं होतं. आणि कुलपाची चावी शेजारी, गोकुळच्या पानठेल्याच्या कडेला, खुंटीवर. भोंगा ऐकून जो पहिला पोचेल त्यानं ती काढायची. गावातल्या शेंबड्या पोरालाही ती खुंटी ठाऊक होती.

पथक चालवायचं कशावर, तर आहेरावर. ही रीतही हिंमतरावांनीच पाडली. गावात कोणाचंही लग्न असो, एक आहेर पथकाच्या नावानं निघायचा. कोणी बादल्या द्यायचं, कोणी गमबूट, एकानं तर जावयाच्या टॉवेल-टोपीबरोबर एक हेल्मेट दिलं होतं. मात्र आहेर घ्यायला पथक हजर पाहिजे. सगळं. मांडवात नाव पुकारलं जायचं, पाच जण ओळीनं उभे राहायचे, कुंकू लागायचं, फोटो निघायचा. मान होता तो. पगार नव्हता, मान होता.

मग मान घेणारे पांगले. गणेश पुण्याला गेला, हरिओम कंपनीत लागला, कोणाची कंबर गेली. तेव्हा सुचिता आली. होमगार्डमध्ये होती, आगीचं शिक्षण थोडं तिथं झालेलं. बचत गटातल्या आठ बाया घेऊन ती एका मंगळवारी दुपारी शेडपुढे उभी राहिली. पदर खोचलेले, पायात चपला. हिंमतरावांनी रंगरावाचं सगळं त्यांना दिलं. पावडरीचं सांगितल्यावर गीताबाई पटकन म्हणाली, "म्हंजे भाऊजी, आग धुवाची. मंग हे काम आमचंच. तुमी इतके दिवस कायले करून राह्यले?" बाया पोट धरून हसल्या. सहा महिन्यांत त्या पुरुषांपेक्षा लवकर पाइप अंथरायला लागल्या. हिंमतराव घड्याळ लावून बघायचे आणि घरी जाऊन सत्यभामाबाईंना सांगायचे, चाळीस सेकंद, चाळीस.

रजिस्टरात मात्र त्यांची नावं चढली नाहीत. शेवटच्या पानावर पेन्सिलनं लिहिलं होतं, 'मदतनीस महिला'. सुचितानं दोनदा विचारलं, दोन्ही वेळा ते म्हणाले, "लिहू ना. पळून चालली का वही?"

पुढे एका मंगळवारी हिंमतराव डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. बायांनी वाट बघितली, मग चावी काढली, स्वतःच टँकर बाहेर नेला, मारुतीच्या पारापुढे ड्रिल केली, पाणी परत भरलं, गाडी जागेवर लावली. काही चुकलं नाही. संध्याकाळी पानठेल्यावर कोणीतरी म्हणालं, "हिंमतराव, तुमची गाडी तं बायांनी पळवली. तुमी आता घरी बसून पोया लाटा." सगळे हसले. हिंमतरावही हसले. त्या दिवशी जेवताना सत्यभामाबाईंनी ताटात पोळी वाढली तेव्हा त्यांनी ताट सरकवलं. भूक नाही म्हणाले.

आठ दिवसांनी टँकर देणाऱ्या त्या आडत्याच्या मुलीचं लग्न होतं, नांदुऱ्याला. आहेर मोठा होता, चाळीस मीटरचा नवा कोरा पाइप. गणेश पुण्याहून त्यासाठी आला, हरिओमनं सुटी टाकली. आदल्या दिवशी संध्याकाळी सुचिता शेडवर आली होती.

"काकाजी, उद्या तुमी सगळेच चालले. ऊन पाहून राह्यले ना? चावी खुंटीवर राहू द्या."

"हाव."

"आमी आहोत इथं."

"हाव म्हनलं ना."

सकाळी वऱ्हाडाची गाडी शेडपाशी थांबली. हिंमतरावांनी डोक्याला फेटा बांधला होता. ते खाली उतरले, पानठेल्यापाशी गेले, आणि चावी काढून सदऱ्याच्या खिशात टाकली. आगीचा विचार त्यांच्या मनात नव्हता. मनात फक्त पोळ्या होत्या.

दुपारी दीडच्या सुमाराला कौशल्याबाईच्या गोठ्याला आग लागली. भोंगा वाजला. पाच मिनिटांत आठही बाया शेडपुढे होत्या, आणि खुंटी रिकामी. सुचितानं हिंमतरावांना अकरा फोन लावले. मांडवात बँड वाजत होता. मग कोणाच्या तरी घरून पहार आणली. सात लिव्हरचं कुलूप चांगलं होतं, ते बावीस मिनिटं टिकलं.

गीताबाई बावीस मिनिटं थांबली नाही. गोठ्यात जनावरं बांधलेली होती. ती आत शिरली, दोन बैल आणि एक वासरू सोडलं. वासराचं दावं सुटत नव्हतं, तिथं वेळ गेला. वर ताडपत्री होती, ती वितळून थेंब थेंब तिच्या हातांवर पडली. गीताबाई सगळ्या गावाची पोलकी शिवायची. आता तिच्या उजव्या हाताची तीन बोटं वळत नाहीत.

पथक चार वाजता परतलं. टपावर नवा पाइप, त्याला झेंडूचा हार. गाडीतून उतरताना हिंमतरावांना आधी धुराचा वास आला, मग शटरपाशी पडलेलं कुलूप दिसलं. त्यांनी फेटा काढला आणि काखेत धरला. काय करावं ते न सुचून ते बराच वेळ तो फेटा तसाच धरून उभे होते.

"खुंटीची चावी कुठं हाये?" सुचितानं विचारलं. तिचा चेहरा काजळीनं काळा झाला होता.

"घाईत खिशात राह्यली," ते म्हणाले. "इसरलो."

हेच ते दवाखान्यात बोलले, गीताबाईच्या नवऱ्यापुढे, उकंडरावापुढे. गीताबाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत होते. तीच त्यांना म्हणाली, "इसरते मानूस, भाऊजी. तुमी जिवाले लावून घेऊ नका. जेवले का?"

या गोष्टीला आठ महिने झाले. बाया परत ड्रिलला आल्या नाहीत. शटर आता तारेनं बांधतात. तुटलेलं कुलूप टेबलाच्या खणात आहे, आणि त्याची चावी अजून हिंमतरावांच्या खिशात. कशालाच लागत नाही ती. धुवायला टाकायच्या आधी सत्यभामाबाई सदऱ्यातून ती काढतात, आणि ते ती नव्या सदऱ्यात घालतात.

"तू आली तं बाया येतात," हिंमतराव आता म्हणाले. "तुमच्या नवांनी भरते यादी. अन् या खेपेले नावं पुढच्या पानावर, पेननं. तुह्यं सगळ्यात वर. प्रमुख म्हनून."

"पोरं जमवा ना."

"पोरायले रील पाह्याची हाये आगीची. इझवाची नाही." त्यांनी रजिस्टर तिच्याकडे फिरवलं. "सुचिता, मी काय आता जास्त दिवस हाये? हे सगळं कोनाले द्याचं? हे भंगारात गेलं तं... गाव परत बंबाची वाट पाहीन अन् त्याले चहा पाजीन."

सुचिता दाराच्या चौकटीला टेकली होती. चपला तिनं काढल्या नव्हत्या.

"बाया विचारतात, खुंटीवर चावी राहीन का? मी काय सांगू त्यायले?"

"राहीन."

"त्या दिवशीही हाव म्हनले व्हते."

पत्र्यावर कावळ्याची नखं वाजली. हिंमतरावांनी रजिस्टर मिटलं, परत उघडलं. पेन्सिलीचं टोक त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिलं.

"इसरलो नव्हतो," ते म्हणाले.

ती चौकटीपासून सरळ झाली.

"मुद्दाम नेली. पानठेल्यावर ते पोयाचं... लोकं हासले. मले वाटलं, एक दिवस खुंटी रिकामी दिसू दे यायले. एक दिवस. मले काय मालूम..."

"मले मालूम हाये काकाजी."

त्यांनी वर पाहिलं.

"गोकुळनं पाह्यलं तुमाले, गाडीतून उतरून चावी काढताना. आठ महिने झाले, मले मालूम हाये. दुसऱ्या कोनाले सांगितलं नाही मी. म्हनलं, तुमीच बोलान. पोळ्याले बोलान, गनपतीत बोलान, दिवाईले बोलान. तुमी फराळाचा डबा घेऊन गेले गीताकाकूकडे. चकल्या देऊन वापस आले."

"आता बोललो ना."

"मले बोलले. माह्ये हात बरे हायेत." तिनं आपले दोन्ही हात पुढे केले, पालथे केले, परत खाली सोडले. "ती बाई आजही म्हनते, भाऊजी बिचारे इसरले. तुमाले माफ करून बसली ते, काकाजी. जे तुमी केलंच नाही त्याच्यासाठी."

हिंमतरावांच्या हातातली पेन्सिल टेबलावरून घरंगळत खाली गेली. कोणी ती उचलली नाही.

"डावीकडचं चौथं घर," सुचिता म्हणाली. तिचा आवाज आता भांडणाचा राहिला नव्हता. "ओट्यावर बसली हाये, डाव्या हातानं तूर निवडून राह्यली. मी संगं येतो. मले बोलले तेवढंच तिले बोला, एक शब्द जास्त नाही. शिव्या देईन, रडन, दोन्ही आपन ऐकून घेऊ. अन् मंग मीच लिहितो बारा नावं. पेननं लिहितो. सोमवारी ड्रिल लावतो. चलता?"

हिंमतराव उठले. टेबलाचा आधार घेऊन, जरा वेळ लागला. सदऱ्याच्या खिशात हात घालून त्यांनी चावी काढली आणि शिट्टीशेजारी ठेवली. वाकून चपला शोधल्या. एक सापडली, दुसरी गमबुटांच्या मागं गेली होती, ती पायानंच ओढून घेतली. सुचिता दारातून बाजूला झाली.

बाहेर ऊन होतं. गोकुळनं ठेल्यावरून हाक दिली, "पान लावू का, हिंमतराव?" डोळ्यांवर हात धरून ते क्षणभर डावीकडे बघत उभे राहिले. मग उजवीकडे, आपल्या घराच्या रस्त्याला लागले.