आबा उठून गेले ती ग्रामसभा

त्या ग्रामसभेत आमच्या बाजूची माणसं जास्त होती आणि तरीही पुरेसे हात वर झाले नाहीत. मला अजून त्याचा राग येतो. पण रागापेक्षा कुतूहल जास्त आहे, म्हणून लिहितेय.

आमचं गाव तापीकाठचं, शहादा तालुक्यातलं. केळी, ऊस, कापूस. गेल्या वर्षी गावाबाहेरच्या गायरानावर सातपुड्यातली काही कुटुंबं आली. त्यांचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं, मग ती डोंगरावर वर सरकली, तिथे काही पिकेना, आणि शेवटी सरकारने त्यांना आमच्याकडे आणून सोडलं. सोडलं हाच शब्द बरोबर. धड रस्ता नाही, आणि आजारी पडावं तर आमच्या उपकेंद्राच्या कपाटात तापाच्या गोळीशिवाय काही नाही.

वस्तीतल्या सातवीतल्या एका मुलीला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. गोळ्या चुकल्या की सांधे असे दुखतात की ती भिंतीला पाठ लावून नुसती बसून राहते. गोळ्यांसाठी तिची आई मजुरी बुडवून एसटीने शहाद्याला जायची. तिथे ऐकायला मिळायचं, संपल्या, पुढच्या आठवड्यात या.

म्हणून आम्ही चार-पाच पोरापोरींनी ठराव मांडला: ग्रामपंचायतीच्या निधीतून उपकेंद्रात वर्षभर औषधं ठेवायची आणि ती वस्तीलाही गावाइतकीच मिळतील. मी पत्रक काढलं. गुलाबी कागद, मोठी अक्षरं, उद्गारचिन्हं हवी तेवढी. कॉलेजपासून मी पत्रकंच लिहितेय. किराणावाला त्यात शेंगदाणे बांधतो, तेही मला ठाऊक आहे.

विरोधात उभे राहिले माझे सख्खे मोठे काका. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं.

"मन्ही बीपीनी गोळी तठे भेटस नही," आबा म्हणाले. "पहिले गावनं पाहा. तुम्ही कपाट भरशात अन या लोके चार दिनमा खाली करतीन."

"गोळ्या काय जांभळं शेतस का आबा, दिसनं की खावाले?" मी म्हटलं.

लोक हसले आणि मला चेव चढला. पत्रकातलं वाक्य त्यांच्याकडे बघूनच वाचलं: दारी आलेल्याला जे पाणी देत नाही, त्याला गाव म्हणू नका!

आबांनी टोपी नीट केली. "मन्हा दारवरथून पाणी पेवाबिगर कोन गया, सांग."

ते उठले आणि चालू लागले.

खुर्चीवर सरपंचबाई होत्या, पण बोलत होते शेजारी बसलेले त्यांचे मालक. "चला, हात वर करा. जेवानी वेळ व्हई गयी."

आमचे हात वर गेले. वस्तीतून सगळे आले होते, बाया, म्हातारे, तान्ह्या पोरांसकट. मतदार यादीत नावं आल्यावरची त्यांची पहिलीच सभा. त्यांचा एकही हात वर गेला नाही. त्या मुलीची आईसुद्धा हात मांडीवर ठेवून बसलेली.

"अहो ताई, हात!" मी ओरडलेच.

वस्तीचा कारभारी, म्हणजे ज्याचं तिथे सगळे ऐकतात तो म्हातारा, सावकाश मराठीत म्हणाला, "एक माणूस रागावून गेला. बोलणं संपलं नाही अजून."

"पण आज इथे तुम्हीच जास्त आहात!"

"हो," तो म्हणाला. बाहेर ऊन आहे असं मी सांगितल्यासारखा.

सरपंचबाईंचे मालक खूश. "मंग पुढला सभाले पाहू." ग्रामसेवक दप्तर बांधायला लागला. मी त्याच्यापुढे उभी राहून म्हटलं, भाऊ, जरा थांबा, कारण वस्ती उठून आबांच्या घराकडे निघाली होती. सगळीच्या सगळी. मी मागोमाग.

आबा ओट्यावर बसले होते. अंगण भरलं. काकूने दारातून पाहिलं, कपाळावर हात मारला आणि मोठं पातेलं चुलीवर चढवलं. मला वाटलं, आता समजूत काढतील, हातापाया पडतील. तसलं काही नाही. कारभारी खाली बसला. "तुमचं बोलायचं राहिलं होतं. बोला."

आणि आबा बोलले शेळ्यांवर. बीपीची गोळी राहिली बाजूला. वस्तीच्या शेळ्या त्यांच्या बागेत शिरतात, केळीचे कोवळे कोंब खातात, त्यातली मोडक्या शिंगाची तर कुंपण बघतच नाही.

"हाई सभामा का नही सांगं?" मी विचारलं.

"सभामा बकरीसना ठराव व्हता का? अन तू बोलू दी ऱ्हायनी व्हती का?"

शेळ्या आमच्याच, बायांनी कबूल केलं. मोडक्या शिंगाच्या शेळीची मालकीण हसून म्हणाली, ती माझंही ऐकत नाही. नाल्याच्या कडेने न्यायच्या असं ठरलं. चहा झाला. आबांनी टोपी उचलली.

सभेत परत बसल्यावर ते म्हणाले, "मी हात वर करनार नही. पन उठी बी जानार नही. बीपीनी गोळी यादीमा लिखा."

वस्तीला तेवढं पुरलं. सगळे हात वर गेले.

संध्याकाळी मी त्या मुलीच्या आईला गाठलं. "आबा आलेच नसते तर?"

"उद्या परत गेलो असतो."

"आणि गोळ्या?"

"शहाद्याला गेले असते."

"पोरगी दुखण्याने रडते आणि तुम्ही हात मांडीवर ठेवून बसता?"

ती रागावली नाही. "आमचं गाव पाण्यात घालायचं ठरलं," ती म्हणाली, "तेव्हा पण तिकडे माणसं जास्त होती."

मला ते पटलं नाही. आबा त्या दिवशी ओट्यावर नसते, किंवा असूनही हटून बसले असते, तर पोरगी अजून भिंतीला टेकलेली असती, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन. तरी पुढच्या पत्रकाला बसले की तिच्या आईचं वाक्य आडवं येतं.

कपाट भरलं. मुलगी आता शाळेतून येताना स्वतःच गोळ्या घेते. पुष्कळदा उपकेंद्राच्या रांगेत आबा तिच्या पुढेच उभे असतात.

"तुम्हनी बकरी परत बागमा उनी व्हती, वं," ते परवा मागे वळून म्हणाले.

"मोडक्या शिंगाची ना? ती शेजारच्या काकीची," ती म्हणाली, आणि नर्सबाईंपुढे पिशवी धरली.